गावच्या सामाईक जमिनीची जाहीर नोटीस: कोणत्या पेपरात द्यायची?

डोंबिवलीचो देवगडकर विचारतात:

मंडळी, नमस्कार. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल.

देवगड तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. थोडी कलमं, एक खळ्यालगतचा तुकडा, बाकी सगळा कातळ. सातबारावर अजून आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ. तिघेही कधीच गेले. वारस नोंद कोणी केली नाही, कारण जो तो म्हणत राहिला की दुसरा करील. एक चुलत आजोबा परळच्या गिरणीत होते. संपानंतर त्यांची मुलं कुठे विरारला गेली, कुठे बदलापूरला, आता संपर्क नाही. आजोबांची एक बहीण गोव्यात पेडण्याला दिलेली, तिचीही नातवंडं आता मोठी असतील.

मला त्या खळ्यालगतच्या तुकड्यात दोन खोल्या बांधायच्या आहेत. बँक म्हणते टायटल, म्हणजे मालकीचा पुरावा, आणा. ठाण्यातले वकील म्हणाले, "वारस नोंद आणि वाटप होईलच, पण आधी जाहीर नोटीस देऊन टाकू. एक मराठी, एक इंग्रजी पेपर, चौदा दिवसांची मुदत." जाहिरात एजन्सीकडे गेलो तर त्याने तीन दर पुढे केले. सगळ्यात स्वस्त होता त्या पेपरचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. म्हणाला, "साहेब, कोर्टात चालतो. सगळे हाच घेतात."

घरात चार मतं. वडील म्हणतात 'नवाकाळ'मध्ये दे, आपली माणसं तोच वाचतात. गावचा चुलतभाऊ म्हणतो, मुंबईचा पेपर इथे कोण बघतो, आमच्याकडे सकाळी कोल्हापूरचा नि बेळगावचा पेपर येतो, त्यात दे. बायको म्हणते, पेपर वाचतंय कोण, भावकीच्या ग्रुपवर टाका आणि मोकळे व्हा. चौथं मत त्या एजन्सीवाल्याचं.

पैसे वाया गेले तरी चालतील एकवेळ, पण उद्या घर उभं राहिल्यावर कोणी दारात येऊन "आमचा हिस्सा" म्हणायला नको. कोणत्या पेपरात द्यावी?

---

रोखठोक_ठाणे:

एवढा विचार कशाला? ही औपचारिकता आहे. वकिलाच्या फाइलला कात्रण लागतं, ते मिळालं की झालं. स्वस्तात स्वस्त पेपर घ्या. नाहीतरी हल्ली सगळ्या पेपरांत निम्म्याहून जास्त जाहिरातीच असतात, बातम्या शोधाव्या लागतात.

---

गठ्ठेवाले तात्या:

देवगडकरांनू, तुमच्या चुलतभावाचं ऐका. वडील म्हणतात त्यालाही कारण आहे, ते पुढे सांगतो. वरच्या रोखठोक गृहस्थांचं मात्र ऐकू नका.

मी आपल्याच तालुक्यात पेपरची एजन्सी चालवली आणि बातम्याही दिल्या. आमच्याकडे तेव्हा पद्धतच तशी. पहाटे जो गठ्ठा उतरून घेणार तोच वार्ताहर, वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणारही तोच, आणि महिनाअखेर बिलाची वसुली करायला दारात उभा राहणारही तोच. त्यामुळे सरपंचाविरुद्ध बातमी लिहिली की त्याच्या घरचं तीन महिन्यांचं बिल अडकायचं. आता एजन्सी मुलगा बघतो. मी सवयीने तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, जातो आणि त्याला शिकवतो, जे त्याला आवडत नाही.

पहिली गोष्ट. गावात कोणता पेपर वाचला जाणार हे संपादकाच्या हातात नसतं, ते गाडीवर ठरतं. तुम्हां चाकरमान्यांना मुंबई जवळची वाटते कारण अर्धं घर तिकडे. पण पेपराच्या हिशेबाने आम्हाला कोल्हापूर जवळ. गाडी रात्री तिकडून सुटते, गगनबावड्याकडून नाहीतर फोंडा घाटाने खाली उतरते, तळेऱ्याला, नांदगाव तिठ्यावर गठ्ठे टाकते, आणि तिथून पुढे ज्याची त्याची सोय. माझ्या वेळी गठ्ठा एस.टी.च्या टपावरून यायचा आणि त्याच गाडीच्या परतीच्या फेरीने कंडक्टरच्या हाती बातम्यांचं पाकीट वर जायचं. मंगळवारी घडलेलं गुरुवारी छापून आलं तर लोक म्हणायचे, तात्याची बातमी लवकर आली. मुंबईत छापलेला अंक पोचेपर्यंत माणसं कलमांवर फवारणीला निघून गेलेली असायची.

म्हणून १९३९ पासूनचा कोल्हापूरचा 'पुढारी' आणि बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली बेळगावात काढलेला 'तरुण भारत' हे दोघं घाट उतरून आले आणि इथले झाले. उत्तरेकडून 'रत्नागिरी टाइम्स', चिपळूणचा 'सागर'. मुंबईचे मोठे पेपर जिल्ह्याची पानं घेऊन नंतर आले. गंमत बघा, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्या तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. पण १८३२ च्या ६ जानेवारीला 'दर्पण' निघाला तो मुंबईत. म्हणजे मराठी पत्रकारितेचा पहिला माणूससुद्धा चाकरमानीच! दर ६ जानेवारीला पत्रकार दिनाची भाषणं ऐकताना मला हेच सुचतं आणि मी मागे बसून हसतो.

आता मुद्द्याचं. पेपर नव्हे, आवृत्ती बघा. इथे मुंबईतली माणसं हमखास फसतात. एजन्सीवाला म्हणतो, "मोठ्या पेपरात येईल," आणि येतेही. पण येते मुंबई नाहीतर ठाणे आवृत्तीत. देवगडात त्या दिवशी त्याच नावाचा जो अंक विकला जातो त्यात ती नसते. वकिलाच्या फाइलला पान लागतं, पेपरचं नाव झळकतं, सगळे खूश. गावात एका माणसाने पाहिलेली नसते. तेव्हा एजन्सीच्या आरओवर, म्हणजे जाहिरातीच्या ऑर्डरच्या कागदावर, "सिंधुदुर्ग आवृत्ती" असे शब्द लिहून घ्या आणि तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नका. 'तरुण भारत' घेणार असाल तर आणखी एक खबरदारी. बेळगावचा वेगळा, नागपूरचा वेगळा, मुंबईचा वेगळा. बेळगावच्या आणि नागपूरच्या पेपरचा नावापलीकडे एकमेकांशी संबंध नाही. मुंबईच्या टेबलावर बसलेल्या पोराला हे कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरं म्हणजे तो स्वस्त, "कोर्टात चालतो" वाला पेपर. असले पेपर मी जवळून पाहिलेत. मोजके अंक छापायचे. एक वकिलाला, एक जाहिरातदाराला, काही सरकारी कचेऱ्यांत टाकायचे, काम संपलं. त्याचा गठ्ठा माझ्या तिठ्यावर कधी उतरला नाही. कोणाला नोटीस *लपवायची* असेल तर याहून चांगली जागा मिळणार नाही, आणि काही जण त्यासाठीच ती घेतात. तुम्हाला लपवायचं नाही ना? मग विषय संपला.

तिसरं, वाचतंय कोण, हा वहिनींचा प्रश्न. रास्त आहे. खप उतरला, खोटं का बोला. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरोघर पेपर टाकायला मनाई केली तेव्हा बऱ्याच घरांची जी सवय मोडली ती परत जडली नाही. पण नोटीस वाचणारी माणसं कमी झाली नाहीत, कारण ती मुळातच थोडी होती. आमच्या तिठ्यावरच्या हॉटेलात सकाळी पेपर कसा वाचला जातो ते या एकदा बघायला. आधी निधन वार्ता. मग सीझन असेल तर वाशी मार्केटचा पेटीचा भाव. मग तालुक्याचं पान, कोणाचा फोटो कापला नि कोणाचा आला ते बघायला. दिल्लीची बातमी असलेलं पहिलं पान चहाच्या डागासकट शेवटी. आणि कोपऱ्यात एखादा असतोच, चष्मा कपाळावर, पेपर नाकाला लावून, जो फक्त जाहीर नोटिसा वाचतो. गट नंबरावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "ह्यो गट त्येचो एकट्याचो खंय? ह्येच्यात चार हिस्सेदार आसत." त्या एका माणसासाठी तुम्ही जाहिरातीचे पैसे देताय असं समजा. दुपारपर्यंत तो ते सगळ्या वाडीला सांगतो, वाडीतलं कोणीतरी फोटो काढून मुंबईला पाठवतं, आणि रात्री तुमच्या भावकीच्या ग्रुपवर तुमचीच नोटीस "हे काय आहे?" म्हणून येते. वहिनींचा ग्रुप आणि माझा पेपर यांत भांडण नाहीच. फक्त ग्रुपवर तुम्ही टाकलंत तर ते तुमचं म्हणणं राहतं. पेपरात आलं की गावाचं होतं.

चौथं, मॅटर. वकील छापील साच्यात लिहून देतात: "तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, मौजे अमुक, ता. देवगड येथील गट नं. अमुक…" पुढे क्षेत्र, आकार, चतुःसीमा. हे हवंच. पण गट नंबर पाठ असणारे आमच्या कोपऱ्यातल्या त्या गृहस्थासारखे एखाद-दोन. बाकीचे जमीन नावाने ओळखतात. तुमच्या त्या तुकड्याला गावात काहीतरी म्हणत असतीलच, आडाचा मळा, खालचा कोंड, देवळामागचा भाग, काय असेल ते. "स्थानिक नाव अमुक" अशी एक ओळ घाला. आणि तिन्ही आजोबांची पूर्ण नावं, वडिलांच्या नावासकट. आमच्याकडे एका वाडीत एकाच नाव-आडनावाचे तिघे सापडतात. चार ओळी वाढल्या तर चौरस सेंटिमीटर वाढतील, दर वाढेल. वाढू दे.

पाचवं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते जास्त कामाचं. नोटीस देण्याआधी वारस शोधा, आणि ते शोधायला जुने पेपर बघा. हसू नका. मी आयुष्यात सगळ्यात जास्त जे लिहिलं ते अग्रलेख नव्हेत नि शोधबातम्याही नव्हेत, ते निधन वृत्त. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे. परळ येथील अमुक मिलमधील तमुक यांचे ते वडील, तर पेडणे येथील अमुक यांचे ते मेहुणे होत." हे शेवटचं वाक्य लोक कटाक्षाने लिहून आणायचे. यात नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी एजन्सीवर भांडायला यायचे. पहिल्या पानावर मंत्र्याचं खातं चुकलं तर कोणी आलं नाही, पण "यांचे ते मावसभाऊ होत" राहिलं म्हणून माझ्या ओट्यावर दोन तास पंचायत बसली होती. त्या वाक्यात कोण कुठे राहतं, कोणाशी काय नातं, सगळं असतं. तुमच्या चुलत आजोबांचं वर्ष माहीत असेल तर गावच्या वाचनालयात नाहीतर पेपरच्या कचेरीत जुनी फाइल मिळते का बघा. आमच्या घरांत मात्र शोधू नका. इथली रद्दी माळ्यावर टिकत नाही, एप्रिल आला की ती आंब्याच्या पेटीत बसून वाशीला जाते.

आणि तुमच्या वडिलांचं. 'नवाकाळ' १९२३ चा, कृष्णाजीपंत खाडिलकरांचा, आणि गिरणगावातल्या आमच्या माणसांचा तो खरोखरच घरचा पेपर होता. परळची शाखा शोधायची आहे तर तिकडचा एक पेपर हवाच, वडील चुकीचं बोलत नाहीत. म्हणून माझं मत असं: एक नोटीस सिंधुदुर्ग आवृत्तीत, एक मुंबईत मराठीत. इंग्रजीचं काय ते वकिलाला विचारा. तुमच्या भावकीतलं कोण सकाळी इंग्रजी पेपर उघडून नोटिसा वाचतं ते मला तरी दिसत नाही.

---

वकिलीण_कणकवली:

तात्यांनी माझं निम्मं काम केलंय. कायद्याचं तेवढं सांगते.

पेपरात नोटीस द्यायचीच असं कायद्याने जिथे सांगितलंय तिथे भाषा आणि जागा दोन्ही बांधून दिलेल्या असतात. प्रतिवादीला समन्स लागत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५, नियम २० खाली कोर्ट पेपरात जाहिरात द्यायला सांगतं, पण ती तो माणूस शेवटी जिथे राहत होता किंवा धंदा करत होता *त्या भागात खपणाऱ्या* दैनिकात. कर्ज थकलं म्हणून बँकेने सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेतला तर दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यांतलं एक स्थानिक भाषेचं. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात कलम ११ ची अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, एक प्रादेशिक भाषेत. सगळीकडे अट तीच, की ज्याच्या हक्काचा प्रश्न आहे त्याच्या हातात तो पेपर पडण्याची शक्यता असली पाहिजे.

तुमची नोटीस यांपैकी कशातच बसत नाही. टायटल तपासताना वकील देतात ती ही नोटीस, आणि चौदा दिवस, इंग्रजी पेपर हे सगळं बँकांच्या पॅनेलवरच्या वकिलांच्या प्रथेतून आलेलं. तुमच्या बँकेला इंग्रजी हवंच असेल तर द्या, भांडत बसू नका. पण ठाण्याच्या वकिलांनी बहुधा न सांगितलेली गोष्ट अशी की चौदा दिवसांत कोणी आलं नाही म्हणून कोणाचा हिस्सा बुडत नाही. तुम्ही शोध घेतलात, काही लपवलं नाहीत, एवढंच त्या कात्रणातून दिसतं. आत्याआजीच्या नातवंडांचा हक्क असेल तर तो पंधराव्या दिवशीही असतोच.

खरं काम तलाठ्याकडे आहे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). वारस नोंदीचा अर्ज द्या. गाव नमुना ६क मध्ये वारसांची नोंद, मग फेरफार. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, संबंधितांना जाते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. पेपरचा तिथे संबंध नाही. अर्जात मुली, बहिणी यांची नावं गाळू नका. कोकणात ही चलाखी अजून चालते आणि माझ्याकडे येणाऱ्या वाटपाच्या दाव्यांतले बरेचसे तिथूनच सुरू होतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी मुलासारखीच सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही हेही सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तुमच्या आत्याआजीचा भाग कसा येतो ते तिचे वडील कधी वारले यावर ठरेल. तो दाखला आधी काढा.

रोखठोक यांना: पेपरात जाहिराती भरल्यात ही तक्रार फार जुनी आहे. पानांच्या संख्येवर पेपरची किंमत बांधायला सरकार निघालं तेव्हा पुण्याचा 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला होता. १९६१ च्या त्या निकालात 'सकाळ'चं वर्णन आहे: आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, किंमत ७ नये पैसे, आणि सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींची! कोर्टाने तो कायदा रद्द केला. जाहिरात तोडली की किंमत वाढते, किंमत वाढली की खप पडतो, आणि खपावर घाला म्हणजे बोलण्याच्या हक्कावरच घाला, असा त्याचा रोख. कॉलेजात पाठ केलेला निकाल आज असा उपयोगी पडला.

---

माहेर_जामसंडे:

मी तुमच्या आत्याआजीच्या जागेवरून बोलते. माहेर जामसंडे, सासर गोवा.

वडील गेले तेव्हा पेपरात आलं, "पश्चात दोन मुलगे, तीन विवाहित मुली." मुलग्यांची नावं होती, हुद्दे होते. आम्ही तिघी नुसता आकडा. तात्यानू, राग मानू नका, हे तुम्ही नसाल लिहिलं, पण असंच लिहितात. पुढे काही वर्षांनी भावांनी कलमांचा व्यवहार केला. नोटीस दिली होती म्हणे. दिली होती, खरंच. असल्याच एका पेपरात, जो देवगडातही मिळत नाही आणि गोव्यात तर नाहीच. मला कळलं ते गड्याकडून, कारण त्याची मजुरी नवीन मालकाने दिली.

आमच्या सासरी सकाळी 'गोमन्तक' येतो, सासऱ्यांच्या तरुणपणापासून, म्हणजे जवळपास तो १९६२ मध्ये निघाला तेव्हापासूनच. शेजारी 'तरुण भारत'ची गोवा आवृत्ती. सिंधुदुर्ग आवृत्तीत आलेलं तेरेखोलच्या खाडीपलीकडे दिसत नाही, अंतर काय ते बघा! म्हणजे तात्यांच्या हिशेबाने तुम्हाला तिसरी नोटीस गोव्यात द्यावी लागेल.

पण मला विचाराल तर आधी फोन करा. आत्याआजीचं सासरचं आडनाव माहीत आहे, गाव माहीत आहे. पेडण्यात जाऊन कुठल्याही देवळात विचारलं तरी घर सापडेल. ज्याचा पत्ता लागतो त्याला पेपरातून हाक मारू नये. त्याला ती हाक वाटत नाही, दावा वाटतो. मी भावांशी चार वर्षं बोलले नाही ते जमिनीसाठी नव्हे. दोन गुंठ्यांचं मी काय करणार होते? सही मागितली असती तर दिली असती.

---

डोंबिवलीचो देवगडकर:

सगळ्यांचे आभार. ताईंचं वाचून वडिलांना दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आक्काचं सासरचं आडनाव मला ठाऊक आहे, कोणी विचारलंच नाही. येत्या रविवारी आम्ही दोघं पेडण्याला जाऊन येतो.

स्वस्त पेपर रद्द. एजन्सीवाल्याला "सिंधुदुर्ग आवृत्ती, लेखी द्या" म्हणालो तर तो म्हणाला, त्यासाठी कोल्हापूरला विचारावं लागेल. म्हणजे तात्या म्हणतात तसा तो मुंबईचीच टाकणार होता.

दोन शंका. एक, थेट गावच्या एजंटकडे मॅटर दिलं तर चालतं का? दोन, कधी द्यावी? वकील म्हणतात लगेच.

---

गठ्ठेवाले तात्या:

चालतं, आणि बरं पडतं. तालुक्याच्या एजंटला वाडी माहीत असते, त्यामुळे मौजेचं नाव चुकलं तर तो छापायला जाण्याआधी फोन करतो. मुंबईच्या डीटीपीवाल्याला मिठबाव नि मिठमुंबरी सारखंच. पैसे भरलेत की पावती घ्या. अंक आल्यावर नुसतं कात्रण कापू नका, *अख्खं पान* ठेवा, वर तारीख आणि आवृत्तीचं नाव दिसेल असं. मुद्रक-प्रकाशकाची बारीक ओळ ज्या पानावर असते तेही सोबत जोडा. दोन-तीन जादा अंक त्याच दिवशी घ्या. न विकलेले अंक परत जातात, आठवड्याने मागाल तर माझा मुलगा हात वर करील.

कधी द्यावी, याबाबत वकिलाचं ऐकू नका, माझं ऐका. चतुर्थीला द्या. वर्षभर विरार, बदलापूर, पेडणे असे पांगलेले सगळे हिस्सेदार त्या आठवड्यात एका वाडीत असतात. आरती उरकली, उसळ-पाव झाला की दुपारी करायला दुसरं काही नसतं, ओट्यावर पडून पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मुंबईत जो माणूस पेपराला हात लावत नाही तोही गावाला आल्यावर "बघू काय आलंय तालुक्याचं" म्हणून उघडतो. त्या दिवसांत आमचा गठ्ठा जाड येतो, उगाच नाही. फक्त गणपती बसायच्या दिवशी कचेऱ्यांना सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही, तेव्हा तारीख एजंटला विचारून धरा. पाच दिवसांचे गणपती विसर्जन झाले की निम्मे लोक परतीच्या गाडीला लागतात, म्हणून तिसरा दिवस उत्तम.

सणाच्या दिवसांत नोटीस म्हणजे भांडण लावलं, असं भावकी म्हणेल. म्हणू दे. पेडण्याहून परत आलात की गौरीच्या आधी गावी या आणि नोटीस येणार आहे हे सगळ्यांना तोंडी सांगून ठेवा. चतुर्थीच्या अंकाचं मॅटर आठ दिवस आधी लागतं, जागा भरते. आणि स्थानिक नावाची ती ओळ विसरू नका. त्या तुकड्याला गावात काय म्हणतात ते चुलतभावाला विचारून इथे टाका, मी बरोबर आहे का बघतो.